झाकणातली चिठ्ठी

"काय सबनीस, वहिनींनी आज काय खाल्लं?"

संगणक विभागाच्या खिडकीतून बाबर मला रोज सकाळी हाच प्रश्न विचारायचा. मी कार्डांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवायचो आणि सांगायचो, उंट खाल्ला, किंवा आज काही नाही, नुसतं प्यादं सरकवलं. त्या दिवशी सांगितलं, घोडा खाल्ला.

"घोडा? म्हणजे वहिनी पूर्ण मांसाहारी झाल्या म्हणायच्या," बाबर म्हणाला. गठ्ठ्याला रबर लावून त्याने तो ट्रेमध्ये ठेवला. "पाचला या. तुमच्या यंत्राचं उत्तर तयार ठेवतो."

मी हसलो. रोज हसायचो तसाच. नंतर मला त्या हसण्याचं नवल वाटलं, कारण त्या सकाळी हसण्यासारखं काही नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं.

ही १९७९ सालातली गोष्ट आहे. नऊ जानेवारी, मंगळवार. मी पुण्यात एका संशोधन संस्थेत प्रोग्रॅमर होतो. सगळ्या संस्थेत मिळून एकच संगणक होता. तो एका मोठ्या थंड खोलीत असायचा आणि त्याच्याजवळ आम्हाला कोणी जाऊ द्यायचं नाही. आपला प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून तयार करायचा, गठ्ठा सकाळी खिडकीत द्यायचा आणि संध्याकाळी छापलेला कागद घ्यायचा. खिडकी बाबरच्या ताब्यात होती. माझं खरं काम धरणांच्या पाण्याची गणितं हे. पण आमचे प्रमुख डॉक्टर घारपुरे यांनी मला रोज दहा मिनिटं यंत्र वापरायची परवानगी दिली होती, बुद्धिबळासाठी. यंत्राला बुद्धिबळ शिकवायचं असं माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं. परदेशात लोक ते करत होते. आमच्याकडे कोणी केल्याचं मला माहीत नव्हतं. पोस्टाने मागवलेले दोन लेख, एवढंच माझं भांडवल. आता समारंभात मला या विषयातला पहिला माणूस म्हणून शाल देतात. मी शाल घेतो आणि खाली बसतो.

दहा मिनिटांत यंत्राची एक खेळी व्हायची. म्हणजे दिवसाला एक. समोर असा खेळाडू हवा होता की जो महिनोन्‌महिने रोज एकच खेळी खेळेल आणि कंटाळणार नाही. तो माझ्या घरातच होता. माझी बायको, शरयू.

शरयू सांगलीची. तिचे वडील शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी वाचनालयात बुद्धिबळाचे पट मांडायचे. नऊ वर्षांची असल्यापासून ती तिथे मोठ्या माणसांसमोर बसायची. एकोणिसाव्या वर्षी जिल्ह्यात तिला हरवू शकतील अशी दोनच माणसं उरली होती. मग आमचं लग्न झालं. लग्नानंतर ती बाहेर कुठे खेळली नाही. मी नको म्हटलं नव्हतं. चल असंही म्हटलं नव्हतं.

तिच्या वडिलांचा एक नियम होता. दिवेलागणीला वाचनालय बंद व्हायचं. डाव अर्धा राहिला की ज्याची पाळी असेल त्याने आपली खेळी चिठ्ठीवर लिहायची, घडी घालायची आणि सोंगट्यांच्या पेटीच्या झाकणात ठेवायची. दुसऱ्या दिवशीच ती उघडायची. मधल्या वेळात कोणी तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि एकदा ठेवलेली चिठ्ठी परत घ्यायची नाही.

आमच्या घरी तीच पेटी होती. झाकणाला आतून हिरवं कापड होतं, एका बाजूने उसवलेलं, त्यामुळे तिथे खिसा तयार झाला होता. मी संध्याकाळी यंत्राचा कागद आणायचो. शरयू पटावर ती सोंगटी हलवायची आणि भात शिजेपर्यंत बघत बसायची. मग चिठ्ठी लिहायची, अक्षरं आत राहतील अशी चौपदरी घडी घालायची आणि खिशात सरकवायची. सकाळी आंघोळ झाली की मी ती काढायचो, वाचायचो आणि ऑफिसात जाऊन तिचं कार्ड करायचो. तू काय खेळलीस असं मी तिला कधी विचारलं नाही. आम्हाला मूल नव्हतं. सोळा वर्षांच्या संसारात रोजचं बोलणं कमी होत गेलं होतं. भांडण नव्हतं काही. पण दिवसभरात आमच्यात जे काही चालायचं, ते जास्त करून त्या झाकणातून चालायचं.

त्या मंगळवारी झाकणात दोन कागद होते.

वरची चिठ्ठी खेळीची. वजिराने घोडा मारला होता. खालचा कागद मोठा होता, पण घडी तशीच चौपदरी. मी तोही उघडला. आमच्या चौकातल्या डॉक्टर आगटे बाईंचा छापील कागद, आदल्या दिवशीच्या तारखेचा. इंग्रजीत लिहिलेलं होतं की उजव्या स्तनात गाठ आहे, काखेतही लागते आहे, तपासणीसाठी मुंबईला पाठवावं. शेवटी लिहिलं होतं, उशीर करू नये. त्याखाली रेघ मारली होती.

मी उभ्यानेच वाचला. स्वयंपाकघरातून विळीचा आवाज येत होता. कागदाची घडी घातली, खिशात सरकवला, झाकण बंद केलं आणि खेळीची चिठ्ठी घेऊन चहाला गेलो.

शरयूने कप समोर ठेवला. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली. एरवी ती चहा दिला की पोळ्यांकडे वळायची. मी चहा प्यायलो.

"आज आलं घातलंयस का?" मी विचारलं.

"घातलंय," ती म्हणाली.

थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग वळली.

माझ्याकडे कारणं होती. सात एप्रिलला आमच्या कामाचं प्रात्यक्षिक ठरलं होतं. दिल्लीहून माणसं येणार होती. आमचं यंत्र राज्याचे जुने विजेते आप्पासाहेब तारळेकर यांच्याशी सगळ्यांसमोर खेळणार होतं. घारपुऱ्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "बरं खेळलं तर दोन वर्षं काम पुढे चालेल. नाही खेळलं तर सबनीस, तुम्ही आणि तुमची धरणं." तोवर तीन महिने होते आणि यंत्र अजून कच्चं होतं. शरयू रोज खेळली नाही तर त्यातल्या चुका मला दिसणार नव्हत्या. हे एक कारण. दुसरं असं की कागद तिने तिथे जपून ठेवला असेल. तिला सांगायचं तेव्हा ती सांगेल. तिसरं असं की अशा जागेचं दुखणं, पुरुषाने आपण होऊन कसं विचारायचं. खिडकीपर्यंत जाईपर्यंत मी अशी चारपाच कारणं जमवली होती.

संध्याकाळी पाचला बाबरने कागद दिला. यंत्राने हत्ती एक घर बाजूला घेतला होता. घरी जाऊन मी कागद शरयूच्या हातात दिला. तिने तो सावकाश उघडला. वाचला. मग उलटा करून मागची बाजू बघितली.

"एवढंच आहे?" तिने विचारलं.

"एवढंच. का?"

"काही नाही," ती म्हणाली. "हत्ती हलवेल असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी झाकणात एकच चिठ्ठी होती. मोठा कागद तिथे नव्हता.

त्यानंतर आमचं जगणं वरून होतं तसंच चाललं. शरयू उजव्या हाताने करायची ती कामं हळूहळू डाव्या हाताने करायला लागली. वेणी घालायला तिला वेळ लागायला लागला. मग एके दिवशी तिने वेणी सोडून नुसता अंबाडा बांधला. मी सकाळी उठून पाण्याच्या बादल्या भरायला लागलो. वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवले. तिने कधी विचारलं नाही की आज काय हे नवीन. मीही सांगितलं नाही. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या की शरयूताई, तुमचे यजमान सुधारले हो. ती म्हणाली, "हो, उशिरा का होईना."

फेब्रुवारीत यंत्र वेड्यासारखं करायला लागलं. डावात शरयूने त्याचा एक हत्ती कोपऱ्यात कोंडला होता. तो जाणार हे मलासुद्धा दिसत होतं. पण सोमवारी यंत्राने एक प्यादं उगीच पुढे करून मारून घेतलं. मंगळवारी दुसरं. बुधवारी उंट दिला, फुकट. गुरुवारी मी दिवसभर कार्डं तपासली. एखादं कार्ड उलटं लागलं असेल, एखादं भोक चुकलं असेल. काही सापडलं नाही. संध्याकाळी पटाजवळ बसून मी शरयूला म्हटलं की यंत्र बिघडलंय.

"बिघडलं नाही," ती म्हणाली. "त्याला हत्ती जाणार हे दिसलंय."

"दिसलं असतं तर प्यादी का फुकट घालवेल?"

"किती पुढचं दिसतं हो त्याला?"

"चार खेळ्या. दोन त्याच्या, दोन तुझ्या."

"मग बरोबर आहे." तिने डाव्या हाताने हत्तीवर बोट ठेवलं. "हा चौथ्या खेळीला मरतो. म्हणून ते मधे एक प्यादं माझ्या अंगावर टाकतं. मला ते मारावं लागतं. त्याची एक खेळी, माझी एक खेळी, तेवढ्यात याचं मरण सहाव्या खेळीवर जातं. तिथलं त्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे हत्ती वाचला, असं धरून ते स्वस्थ बसतं. उद्या परत दिसलं की परत एक प्यादं."

मी पटावर खेळ्या मोजून पाहिल्या. ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. दोन वर्षं मी तो प्रोग्रॅम लिहीत होतो आणि मला ते कळलं नव्हतं.

"मूर्ख नाहीये," ती म्हणाली. "भित्रं आहे."

मी म्हटलं की चारऐवजी सहा खेळ्या बघायला लावलं तर? वेळ फार लागेल, पण बघता येईल.

"त्याने काय होणार. सहाच्या पलीकडे ढकलेल." ती उठली, कारण कुकरची शिट्टी झाली होती. जाता जाता म्हणाली, "लांबचं दिसून उपयोग नाही. आत्ता जे टळलं ते खरंच टळलं का नुसतं पुढे गेलं, हे त्याला विचारायला लावा."

तेच मी केलं. तीन आठवडे लागले. यंत्र काहीही फुकट द्यायला निघालं की त्याने थांबून बघायचं की आधीचं संकट जागेवर तसंच आहे का. असेल तर ते देणं वाया गेलं असं धरायचं. या खोडीला परदेशात नाव होतं आणि तिच्यावर लोक डोकं लढवत होते, हे मला नंतर कळलं. माझं नाव झालं ते याच दुरुस्तीमुळे. त्यावर मी जो लेख लिहिला त्यात एक वाक्य आहे, की प्रोग्रॅमची चाचणी एका चांगल्या खेळाडूबरोबर घेण्यात आली.

मार्चच्या मध्यावर एकदा मी बोललो. ती ताट वाढत होती आणि आमटीची वाटी तिच्या हातून कलंडली.

"हात दुखतो का तुझा?" मी विचारलं.

"दुखतो."

"प्रात्यक्षिक झालं की कोणाला तरी दाखवू."

"कधी आहे?" तिला तारीख पाठ होती. कॅलेंडरवर तिनेच खूण केली होती.

"सात एप्रिल. शनिवार."

"मग रविवारी सगळं बंद असेल," ती फरशी पुसत म्हणाली. "सोमवारी तुम्हाला रिपोर्ट लिहायचा असेल. मंगळवारी जाऊ."

"मंगळवारी जाऊ," मी म्हणालो.

डॉक्टरांना आधीच दाखवलं आहे असं तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आमटी पुसून झाली आणि आम्ही जेवलो.

सात एप्रिलला सभागृह भरलं होतं. त्या दिवशी यंत्र सकाळी नऊपासून आमच्यासाठी मोकळं ठेवलं होतं. बाबर कागद घेऊन जिन्यावरून वरखाली करत होता. आप्पासाहेब तारळेकर काळी टोपी घालून आले होते. सत्तरीचा माणूस, तपकिरीची डबी टेबलावर ठेवून बसले आणि म्हणाले की समोर कोणी दिसत नाही, मग डोळे कोणाला वटारू? सगळे हसले. दिल्लीची माणसंही, त्यांना कोणीतरी समजावून सांगितल्यावर.

लोकांना डाव दिसावा म्हणून भिंतीवर मोठा लाकडी पट लावला होता. प्रत्येक घरात खिळा आणि त्यावर पुठ्ठ्याच्या सोंगट्या अडकवायच्या. ज्या माणसाला हे काम दिलं होतं त्याने पहिल्या दहा खेळ्यांतच दोन चुका केल्या. घारपुऱ्यांनी मागे वळून मला म्हटलं, "सबनीस, मिसेस आल्यात ना? त्यांना सांगा की."

शरयू तिसऱ्या रांगेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती उठली आणि पटाजवळ गेली.

खालच्या रांगांचं काही वाटलं नाही. मग तारळेकरांनी वरच्या रांगेतला हत्ती हलवला. शरयूने उजवा हात वर केला. तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. ती तशीच उभी राहिली, जणू कोणत्या घरात ठेवायचं ते आठवते आहे. मग सोंगटी डाव्या हातात घेतली आणि अडकवली. पुढच्या वेळी कोणीतरी स्टूल आणून दिलं. चार तास ती त्या स्टुलावर चढत होती आणि उतरत होती. पदर तिने उजव्या खांद्यावरून लपेटून घेतला होता. मी पहिल्या रांगेत होतो. तिची बाही दंडाला काचत होती ते मला तिथून दिसत होतं. मी कागदावर खेळ्या लिहीत होतो.

छत्तिसाव्या खेळीला यंत्राचा हत्ती सापडला. अगदी फेब्रुवारीसारखा, कोपऱ्यात. आता ते प्यादी उधळायला लागलं तर दिल्लीच्या माणसांना आणि तारळेकरांना कळायला वेळ लागणार नव्हता. सहा मिनिटांनी बाबर कागद घेऊन आला. मी उघडला. यंत्राने हत्ती सोडून दिला होता. घोड्याच्या बदल्यात, सरळ, एकही प्यादं वाया न घालवता.

तारळेकरांनी भुवया वर केल्या. "हे तर माणसासारखं खेळलं."

"माणूस इतक्या लवकर सोडत नाही, आप्पासाहेब," शरयू स्टुलावरून म्हणाली.

हशा पिकला. मीही हसलो असेन.

तीन वाजून गेल्यावर तारळेकरांनी डबी खिशात टाकली आणि बरोबरी मान्य केली. टाळ्या झाल्या. घारपुऱ्यांनी सर्वांसमोर माझा हात हातात घेतला. दिल्लीच्या प्रमुखांनी तिथेच सांगितलं की दोन वर्षांची मंजुरी समजा. बाबर कुठूनतरी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, पहिला वहिनींना, घोडे खाऊन कंटाळल्या असतील. तारळेकर शरयूजवळ गेले. ते तिच्या वडिलांना ओळखत होते. म्हणाले, "मास्तरांची मुलगी तू. यंत्राला कोणी घडवलंय ते मला दहाव्या खेळीला कळलं. एक डाव तुझ्याशी खेळायचाय."

"खेळू की," ती म्हणाली. "मुंबईहून आले की."

"मुंबईला काय?"

"जरा तपासणी आहे," मी मधेच म्हणालो. "किरकोळ."

शरयूने पेढा अर्धा मोडला आणि अर्धा परत ठेवला.

मंगळवारी आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला आत नेलं आणि बऱ्याच वेळाने मला बोलावलं. त्यांनी विचारलं की याआधी कोणी बघितलं होतं का. शरयूने पर्स उघडली आणि आगटे बाईंचा कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला. मग वर लिहिलेली तारीख वाचली आणि चष्मा काढला.

"हा जानेवारीचा कागद आहे."

"हो," शरयू म्हणाली.

"मग इतके दिवस?"

मी काहीतरी बोलायला लागलो, ऑफिसातलं काम वगैरे. शरयू म्हणाली, "घरात एक डाव चालू होता."

डॉक्टरांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी पुढे विचारलं नाही. ऑपरेशन करू, पण पसरलंय, फार आशा मी देत नाही, एवढं सांगून ते लिहायला लागले.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. समोर नंबर पुकारत होते. एक बाई स्टीलच्या डब्यातून कोणाला तरी खिचडी भरवत होती. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या बाईकडे बघत होती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"झाकणात ठेवलं होतं."

मी म्हणालो की मला वाटलं, तू तो कागद जपून ठेवलायस.

"जपून ठेवायचे कागद मी तांदळाच्या डब्यात ठेवते. तुम्हाला ठाऊक आहे." ती हळू बोलत होती, रागाने नाही. "त्या झाकणात मी तुमच्यासाठी सोडून दुसरं काही कधी ठेवलंय का? तोंडाने बोलायला धीर होत नव्हता. माझी मावशी यातच गेली. शब्द तोंडातून फुटेना. म्हटलं, सकाळी उघडतील तेव्हा वाचतील. चहा देऊन उभी राहिले. तुम्ही आलं विचारलंत."

"मी वाचलं हे तुला..."

"घडी," ती म्हणाली. "मी अक्षरं आत ठेवते. तुम्ही बाहेर ठेवलीत."

नंबर पुकारला गेला. आमचा नव्हता.

"मग वाटलं, ऑफिसात जाऊन विचार करतील. उत्तर नेहमी संध्याकाळीच येतं. तुम्ही कागद आणलात. त्यात हत्ती होता. मागे काही लिहिलंय का तेही बघितलं."

"मग त्यानंतर तरी तू बोलायचंस, शरयू. इतके दिवस..."

"माझी खेळी मी केली होती," ती म्हणाली. "पाळी तुमची होती."

ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी झालं. त्यानंतर ती चौदा महिने होती. तारळेकरांबरोबरचा डाव झाला नाही. मला दोन वर्षं मिळाली, मग आणखी मिळाली, पुढे स्वतंत्र विभाग मिळाला. तिने सांगितलेल्या त्या खोडीवर मी निवृत्त होईपर्यंत काम करत होतो. ती कमी होते. पूर्ण जात नाही.

पण त्या मंगळवारी आम्ही मुंबईहून दिवेलागणीला घरी परत आलो. मार्चमध्ये सुरू केलेला तिसरा डाव पटावर होता. सोमवारी रिपोर्टच्या गडबडीत माझा न्यायचा राहिलेला यंत्राचा कागद बाबरने शिपायाबरोबर पाठवला होता आणि शेजारच्या बाईंनी तो दाराच्या फटीतून आत सरकवला होता. शरयूने साडी बदलली, कुकर लावला आणि पटासमोर येऊन बसली. यंत्राचा उंट हलवला. नेहमीसारखी बघत राहिली. मग डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली. अक्षर वाकडं येत होतं. एका हाताने घडी घालायला वेळ लागला. तिने ती झाकणाच्या खिशात सरकवली आणि झाकण बंद केलं.

मी तिथेच बसलो होतो. मी झाकण उघडलं, चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर उघडली.

"सकाळी उघडायची असते," ती म्हणाली.

राजासमोरचं प्यादं एक घर पुढे. दुसरं काही नव्हतं. मी मागची बाजू बघितली. तीही कोरी होती.

"वाचली," मी म्हणालो.

ती थोडा वेळ माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "हात धुऊन या. पानं घेते."